झांबेताचा नवसाचा गुडघा

सिरोस बेटावर कुणाचाही गुडघा खासगी राहू शकत नाही. एर्मूपोली हे आमचं गाव सगळं चढावर वसलेलं आहे. पाव आणायला निघालं तरी पायऱ्या, देवळात निघालं तरी पायऱ्या, आणि शेवटच्या प्रवासाला निघालं तर उचलणाऱ्यांना पायऱ्या. त्यामुळे कोण कुठल्या वळणावर दम खातो, कोण भिंतीला हात लावतो आणि कोण दम लागला की उगाच समुद्र बघत उभा राहतो, हे गावाला तोंडपाठ असतं. त्यातही झांबेताच्या उजव्या गुडघ्याची चौकशी तर लोक तिच्याआधी करीत. "किरा-झांबेता, गुडघा काय म्हणतो?" असं खाटकाने, आमच्याकडे बाईमाणसाला लावतात ते 'किरा' लावून, विचारायचं, आणि मग, जमलं तर, "तुम्ही कशा आहात?"

झांबेताचा बाप लुकुमी करायचा. साखर, पिठी आणि गुलाबपाण्याची ती लुसलुशीत वडी घेतल्याशिवाय आमच्या बेटावरून बोट सुटत नसे, असे दिवस त्याने पाहिले होते. बापामागे कढई झांबेताकडे आली. लुकुमीचं मिश्रण हलवायचं थांबलं की बसतं, आणि ते बसलं की धंदा बसतो. म्हणून झांबेता कधी बसली नाही. उमेदीची सारी वर्षं तिने दगडी फरशीवर उभ्याने, हातात वल्ह्याएवढं लाकडी उलथणं घेऊन काढली. साठीच्या आसपास उजव्या गुडघ्याने हात टेकले. म्हणजे गुडघ्याला हात नसतात, पण झांबेताच्या अवयवांनी एकमेकांची कामं करायची सवय लावून घेतली होती.

तेव्हा अथेन्सला नेऊन नवा गुडघा बसवायचं ठरलं. आणि तिथे, शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारात, ढकलगाडीवर आडवी पडलेली असताना, सुई टोचून झाल्यावर आणि गुंगी चढायच्या आत, झांबेताने नवस बोलून टाकला.

"पनायिया," ती देवाच्या आईला म्हणाली, "मला धड गुडघा दे. तू दिलेल्या त्याच गुडघ्यावर रांगत मी तुझ्या बंदरापासून तुझ्या दारापर्यंत येईन."

आता, नवस हा आमच्याकडे घरोघरचा. समोरच्या तिनोस बेटावर पनायियाचं देऊळ आहे. बंदरावरून सरळ चढ निघतो तो तिच्याच पायाशी जाऊन थांबतो. चढाच्या कडेने गालिच्याची पट्टी अंथरलेली असते, नवसाच्या माणसांनी गुडघ्यांवर रांगत जायला. समुद्रावर गेलेल्या पोरासाठी, परीक्षेसाठी, मुतखड्यासाठी, झाडून सगळ्यांसाठी लोक त्या पट्टीवरून रांगले आहेत. पण गुडघ्यासाठी गुडघ्याचाच नवस बोलणारी झांबेता पहिलीच.

तिचा नवरा लिनार्दोस हे ऐकून खुर्चीत बसला. लिनार्दोस वरच्या गावातला, कॅथलिक; झांबेता खालची, ऑर्थोडॉक्स. आमच्या बेटावर दोन्ही पंथांचे लोक एकमेकांत लग्नं करतात, ईस्टरही एकाच दिवशी करतात, आणि उरलेलं वर्ष एकमेकांच्या संतांची थट्टा करण्यात घालवतात.

"म्हणजे बाई," तो म्हणाला, "उद्या दाताचा नवस बोललीस तर अक्रोड फोडून फेडणार का?"

"तुला नवसातलं काय कळतं? तुमच्यात नुसती मेणबत्ती लावली की काम भागतं."

"आमच्यात देवाला अडचणीत टाकत नाहीत."

गुडघा मात्र उत्तम निघाला. सहा महिन्यांत झांबेता काठी टाकून पायऱ्या चढू लागली. मुलीच्या लग्नात ती इतकी नाचली की व्याहीच आधी बसले. आणि नवस? पहिल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं होतं की एवढ्यात गुडघे टेकू नका, वाळूत खडे टोचल्यासारखं वाटेल, वर्षभराने बघू. ते 'वर्षभराने बघू' झांबेताने दरवर्षी नव्याने लागू केलं. एका ऑगस्टमध्ये गर्दी फार होती. एका ऑगस्टमध्ये उत्तरेचा वारा सुटला, बोटी बंद झाल्या. "तिलाच नकोय मी आत्ता," झांबेता समाधानाने म्हणाली. पुढे नातू झाला, मग घराला रंग द्यायचा होता, मग खुद्द पनायियाच्या चढावर रस्त्याचं काम निघालं.

अडचण एवढीच, की झांबेताच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिनोस समोर दिसतं. हवा स्वच्छ असली की देऊळसुद्धा पांढऱ्या ठिपक्याएवढं दिसतं. लोक आपल्या तगादेवाल्याला चुकवायला गल्ली बदलतात. झांबेताने खुर्ची बदलली. खिडकीकडे पाठ करून ती भाजी निवडायला बसे. लिनार्दोस म्हणे, "पाठीवरून ओळखते हं ती."

असं चौदा वर्षं चाललं. मग एका हिवाळ्यात गुडघा बोलू लागला.

आधी नुसता सकाळी. खुर्चीतून उठलं की पहिली चार पावलं दुखायची, मग गाडी सुरळीत. झांबेताने ते थंडीवर ढकललं. थंडी गेली, दुखणं राहिलं. मग गुडघा सुजायला लागला, जिना उतरताना आतून 'टक्' करू लागला. खाटीक म्हणाला, "किरा-झांबेता, गुडघा ऐकू येतो हल्ली तुमचा." तेव्हा लिनार्दोसने तिला बेटावरच्या दवाखान्यात आंथीकडे नेलं. आंथी म्हणजे हाडांची डॉक्टरीण. तिच्या बाप्तिस्म्याच्या लुकुमी झांबेतानेच पाठवल्या होत्या, त्यामुळे झांबेताच्या लेखी ती अजून पाळण्यातच होती.

आंथीने फोटो काढला, उजेडासमोर धरला. हाड आणि धातूच्या मधे एक काळी रेघ होती.

"मावशी, गुडघ्याला वर धातूची टोपी आहे, खाली धातूची बैठक आणि मधे प्लास्टिकची गादी. गादी झिजली आहे. त्याचा बारीक चुरा आजूबाजूला पसरतो, शरीर त्या चुऱ्याशी भांडतं, आणि त्या भांडणात शेजारचं हाड कुरतडलं जातं. हाड गेलं की बैठक हलायला लागते."

"म्हणजे भांडण चुऱ्याशी आणि घर मोडलं हाडाचं."

"अगदी तसंच."

"कुणाचा शाप नाही ना, पोरी?"

"नाही हो. वस्तू वापरली की झिजते. काहींची वीस-वीस वर्षं टिकते, काहींची आधी कुरकुरते. तुम्ही तर त्यावर लग्नातही नाचलात, मला आठवतंय."

आंथीने सुईने गुडघ्यातलं थोडं पाणी काढून तपासायला पाठवलं, कारण कधीकधी वर्षांनंतरही आत जंतू शिरतात आणि मग प्रकरण वेगळंच होतं. जंतू निघाले नाहीत. नुसती झीज. उपाय एकच, अथेन्सला जाऊन जुना काढायचा आणि लांब दांड्याचा नवा बसवायचा.

"बसवू," झांबेता म्हणाली. "पण आधी मला तिनोसला जायचं आहे. गुडघ्यावर."

आंथीने फोटो खाली ठेवला. "मावशी, बैठक सैल आहे. त्यावर भार टाकून तो चढ रांगलात तर खालचं हाड मोडेल, आणि मग नवा कशात बसवायचा? हे मी गंमत म्हणून सांगत नाही."

घरी आल्यावर झांबेताने आपली बाजू लिनार्दोसपुढे मांडली. हा गुडघा पनायियाने दिलेला. नवस याच गुडघ्यावर बोललेला. हा काढून टाकला की फेडायचं साधनच गेलं. आणि पहिला नवस डोक्यावर असताना दुसऱ्या गुडघ्यासाठी ढकलगाडीवर कुठल्या तोंडाने पडायचं? "मी तिथून उठणार नाही बघ," ती म्हणाली. म्हणाली हसत, पण हात मात्र तिने टेबलावर घट्ट दाबून धरले होते. चौदा वर्षं ज्याच्याकडे कानाडोळा केला, ते असं समोर येऊन बसलं होतं. नवस फेडल्याशिवाय ती शस्त्रक्रिया करून घेणार नव्हती, आणि शस्त्रक्रियेशिवाय तिचा पाय राहणार नव्हता.

लोक म्हणतात, अमक्याची अक्कल गुडघ्यात आहे. झांबेताचा त्या दिवसांत सगळा आत्माच गुडघ्यात होता. शेजारणी सल्ले घेऊन येत, कोबीची पानं बांध म्हणत, गाढवीच्या दुधाची गोष्ट सांगत. झांबेता सगळ्यांना कॉफी देई आणि उठताना टेबल, खुर्ची, लिनार्दोस, जे हाताला लागेल ते धरी.

मग ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासांत ती ताटभर लुकुमी घेऊन मुलीकडे निघाली. पायऱ्यांच्या तिसऱ्या वळणावर गुडघा आतून निसटल्यासारखा झाला. झांबेताने कठडा धरला म्हणून ती वाचली. ताट वाचलं नाही. पिठीसाखरेत लोळलेल्या वड्या पायरीपायरीने उड्या मारत थेट बंदराकडे निघाल्या, मागून गल्लीतली दोन मांजरं. खालून चढणाऱ्या टपालवाल्याने एक झेलली आणि, माणूस अनुभवी असल्याने, खाऊनच वर आला.

"पिस्त्याची आहे," तो म्हणाला. "तुम्हाला लागलं नाही ना?"

गावाला ही गोष्ट आठवडाभर पुरली. लिनार्दोस मात्र हसला नाही. त्याने दोन दिवस एकही टोमणा मारला नाही. झांबेताने मुद्दाम त्याच्या संत जॉर्जला नावं ठेवून पाहिली. तो नुसता "असेल" म्हणाला. तेव्हा झांबेता घाबरली. बेचाळीस वर्षांत त्याने 'असेल' म्हटलेलं तिला आठवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती दुपारची झोपून उठली तर स्वयंपाकघरातून घसटण्याचा आवाज. लिनार्दोस, वय शहात्तर, दोन्ही गुडघ्यांना तिची जुनी पोळपाटावरची फडकी बांधून, चुलीपासून दारापर्यंत रांगत होता. दाराशी पोचला की डुलत वळायचा आणि परत.

"हे काय चाललंय?"

"सराव." त्याला धाप लागली होती. "तुझ्याऐवजी मी जातो. मला धातूचा गुडघा नाही, मोडला तर माझा मोडेल."

"तू? कॅथलिक?"

"रांगताना कळतं का कुठल्या पंथाचा आहे ते?"

झांबेता दाराच्या चौकटीला धरून हसायला लागली, आणि हसता हसता तिला पदर नव्हता म्हणून अॅप्रनने डोळे पुसावे लागले. "अरे माणसा, माझा नवस तुझ्या गुडघ्याने फिटतो का? ती काय हिशेबात कच्ची आहे?"

"मग पापा-फोतिसला विचार. तो तिच्या ओळखीचा आहे."

पापा-फोतिस आमच्या देवळाचा पाद्री. तो त्या वेळी घरामागच्या ओट्यावर कालवं साफ करत बसला होता. त्याने झांबेताला बसायला स्टूल दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"झांबेता, ती आई आहे, सावकार नाही. नवस बदलून घेता येतो. मोठी मेणबत्ती लाव, गरिबांना जेवू घाल. नाहीतर लोक देतात तशी चांदीच्या पत्र्याची प्रतिमा दे, पायाची. हजार पाय टांगलेत तिथे."

"पापा, हे तुम्ही म्हणताय. तिला विचारलंत?"

पापा-फोतिसने कालव बाजूला ठेवलं. "ती माझ्याशी तशी बोलत नाही."

"माझ्याशीही नाही. म्हणून तर जे बोलले ते तसंच करायला हवं. मी 'तू दिलेल्या त्याच गुडघ्यावर' म्हटलं होतं. पत्र्याचा पाय काय, तो कुणाचाही. दुकानात मिळतो, डावा-उजवासुद्धा कळत नाही त्यात. खरा तो नव्हे. खरा तर माझ्या..."

पापा-फोतिसने पाहिलं तर ती आपल्या गुडघ्याकडे, एखादा पाहुणा पहिल्यांदाच नीट दिसावा तशी, बघत होती.

"पापा, काढलेला गुडघा कुठे जातो हो?"

"मला काय माहीत? टाकत असतील."

"टाकतात?" झांबेता उठली. "पनायियाचा गुडघा टाकतात?"

लंगडत ती तशीच दवाखान्यात गेली. आंथी दुसऱ्या रोग्याच्या खांद्याला पट्टी बांधत होती.

"पोरी, काढलेला गुडघा मला हवा."

"मावशी, बाहेर बसा, मी येते."

"मी बसले तर उठताना दुखतं, तूच सांगितलंस. मला हवा की नाही ते सांग."

पट्टीवाल्या रोग्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. आंथीने अथेन्सच्या शल्यवैद्याला फोन लावला. पलीकडून आधी हसणं ऐकू आलं. शेवटी तो म्हणाला, की उकळून, निर्जंतुक करून, पिशवीत घालून देतो. आजवर कुणी मागितला नाही, पण न देण्याचंही काही कारण दिसत नाही.

आता झांबेताला कोण थांबवणार? गुडघ्याला बाशिंग बांधल्यासारखी ती अथेन्सच्या बोटीवर चढली. लिनार्दोसने वाटेत विचारलं, "पण तू रांगत येईन म्हटलं होतंस. गुडघा एकटा कसा रांगेल?"

"मी म्हटलं होतं, त्या गुडघ्यावर येईन. गुडघा गालिच्यावर असेल, मी त्याच्या मागोमाग असेन. मधली जोडणी सुटली ती डॉक्टरांनी सोडवली. त्यात माझा काय दोष?"

लिनार्दोसने थोडा विचार केला. "कॅथलिकांत तू वकील झाली असतीस."

ढकलगाडीवर या खेपेला झांबेता एक शब्द बोलली नाही. गुंगी देणाऱ्या बाईने विचारलं, भीती वाटते का? झांबेताने ओठ मिटून मान हलवली. तोंड उघडलं तर काय निघेल याचा तिला स्वतःलाच भरवसा नव्हता.

शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा लांबली, बरं व्हायलाही वेळ लागला. हाड जिथे कुरतडलं होतं तिथे भर घालावी लागली. व्यायाम करवून घेणाऱ्या मुलीला झांबेताने तीन वेळा शिव्या आणि एकदा लग्नाचं स्थळ दिलं. पण ऑक्टोबरात, पर्यटक गेले आणि वारा पडला तेव्हा, ती काठी घेऊन तिनोसच्या बंदरावर उतरली. खांद्यावरच्या पिशवीत रुमालात गुंडाळलेला गुडघा. वरची टोपी चकचकीत गोल, खालची बैठक चपटी, मधे गादी, पिवळी पडून एका कडेला पार झिजलेली. लिनार्दोसने ती हातात घेऊन बोटाने तपासली होती. "बिचारी," तो म्हणाला होता. "तुझ्याबरोबर चौदा वर्षं काढणं सोपं नाही."

झांबेताला वाकता येत नव्हतं. म्हणून गालिच्याच्या पट्टीवर गुडघे टेकले ते लिनार्दोसने. फडकी त्याने आणली होती. तो धातूची टोपी गालिच्यावर ठेवी, हाताने थोडी पुढे लोटी, मग स्वतः एक ढांग रांगे, मग पुन्हा लोटी. झांबेता शेजारच्या फरसबंदीवरून काठी टेकत चालली.

"उचलू नकोस. टेकलेला राहू दे."

"टेकलेलाच आहे."

"आत्ता दगडावरून उचललास."

"तिथे गालिचा फाटलाय, झांबेता. फाटक्यावरून तू रांगली असतीस का?"

"असते."

तो मागे आला आणि तेवढा तुकडा पुन्हा केला.

वाटेत एक तरुण बाई त्यांच्या बरोबरीने रांगत होती. ती थोडा वेळ पाहत राहिली.

"आजोबा, ते काय आहे?"

"बायकोचा गुडघा."

"आणि बायको?"

"ती काय, येतेय. नव्यावर."

त्या बाईने छातीवर क्रूसाची खूण केली. ती आश्चर्याने होती की भक्तीने, हे तिलाही सांगता आलं नसतं. मग ती म्हणाली, "माझा मुलगा वर्गात दोनदा नापास झाला. पुढच्या वर्षी मी त्याचं दप्तर आणते," आणि पुढे गेली.

चढ संपला तेव्हा लिनार्दोसचा चेहरा बीटासारखा झाला होता. देवळात चांदीचे दिवे लटकत होते, आणि तसबिरीभोवती हात, डोळे, पाळणे, जहाजं, सगळ्यांचे पत्रे. झांबेताने रुमाल सोडून गुडघा पुढे केला. देवळातला माणूस तो हातात घेऊन उलटसुलट करू लागला.

"हे कुठल्या धातूचं? चांदी नाही दिसत."

"माहीत नाही. माझ्यात होतं."

"तुमच्यात?"

"चौदा वर्षं. तिनेच दिलं होतं, परत आणलंय."

त्याने एकदा गुडघ्याकडे आणि एकदा झांबेताच्या पायाकडे पाहिलं, मग आतून एक तार आणली आणि टोपी एका जहाजाच्या शेजारी टांगली. बैठक आणि गादी खाली ठेवली.

झांबेता तसबिरीपुढे उभी राहिली. तिने मेणबत्ती लावली. तिचे खांदे खाली आले, जसे ओझं उतरवल्यावर येतात. मग ती हळू आवाजात म्हणाली, "उशीर झाला. पण आणला. आणि हा जो नवा आहे ना, तो आंथीने आणि विम्याने बसवलाय. याच्यावर तुझं काही नाही. तुला त्रास द्यायला नको."

लिनार्दोसने हे ऐकलं आणि तो इतका खूश झाला की उठायला विसरला. मग उठायला लागला तेव्हा कळलं की उठताच येत नाही. डावा गुडघा टाचणीने टोचल्यासारखा दुखत होता आणि आतून 'टक्' असा आवाज आला. देवळातल्या माणसाने त्याला बगलेत धरून उभं केलं. तो झांबेताच्या खांद्यावर हात ठेवून एका पायावर डोलू लागला, आणि त्याची नजर हळूहळू तसबिरीकडे वळली. ओठ हलायला लागले.

झांबेताने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"एक शब्द नाही," ती म्हणाली. "सोमवारी आंथीकडे. सरळ आंथीकडे, मधे कुणाला घालायचं नाही."